टेलिपथीसाठी 'मनकवडी' चालेल का?

नववी-दहावीच्या पोरांसाठी एक गोष्ट लिहायला घेतलीये, साताऱ्यातलीच. पोवई नाक्यावर क्लासला जाणारी तिघं, तिघांतही काहीतरी वेगळं आहे आणि घरी सांगायची सोय नाही. त्यातल्या एकीला समोरच्याच्या मनातलं आपोआप कळतं. तिला काय म्हणायचं यावर मी आठ दिवस अडलीये.

पहिल्यांदा 'अतींद्रिय शक्ती' लिहिलं. इंद्रियांच्या पलीकडचं, म्हणजे अर्थ बरोबर आहे, पण भाचीला वाचून दाखवलं तर म्हणाली आत्या हे बुवाबाजीच्या बातमीतलं वाटतंय. आणि खरंय, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हाच शब्द आहे, ती शक्ती अंगात असल्याचं भासवून लोकांना घाबरवणं हा गुन्हा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावातल्या पोरीच्या तोंडी मला तो नकोच. 'सिद्धी' साधना करून मिळवतात, हिच्या ती न मागता गळ्यात पडलीये. योगसूत्रांतल्या विभूतिपादात 'परचित्तज्ञान' आहे, पण चौदा वर्षांची मुलगी मधल्या सुट्टीत मैत्रिणीला 'मला परचित्तज्ञान आहे' असं सांगेल का?

राहिला 'मनकवडी'. शब्द इतका गोड आहे की सोडवत नाही. पण आपण तो कौतुकाने वापरतो, 'काय मनकवडी आहेस गं, आत्ताच चहा हवा होता'. त्यात चेहरा बघून, माया असल्यामुळे ओळखणं आहे. माझ्या मुलीला तर नको असताना कळतं, वर्गात, एसटीत, कुठंही.

प्रतिसाद:
ताई, आमच्या माणदेशात अशा पोरांना नावं आधीच तयार असतात. जमिनीखालचं पाणी सांगणारा तो पाणाड्या, नारळ नाहीतर काटकी हातात धरून रानात फिरतो. आणि जन्मताना पाय आधी बाहेर आले तर पायाळू. मी स्वतः पायाळू आहे. कुणाच्या कमरेत उसण भरली की मला अभ्यासावरनं उठवून न्यायचे, पाठीला पाय लावायला, आणि वळवाच्या पावसात ढग गडगडला की आई घरात कोंडून ठेवायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. उसण आपली आपणच जाते हे मला मोठेपणी कळलं, पण तेव्हा वाटायचं खरंच आपल्या पायात काहीतरी आहे, आणि जाम भीती वाटायची. एकदा नाव पडलं की पोरगं स्वतःचं राहत नाही, सगळ्या गावाचं होतं. म्हणून सांगतो, तुमच्या मुलीला नावच देऊ नका.

प्रतिसाद (मूळ लेखिका):
दादा, तुमचं वाचून डोक्यात एकदम लख्ख झालं. मी नाम शोधत बसले होते आणि पाहिजे होतं क्रियापद. टेलिपथी हा शब्द फ्रेडरिक मायर्स यांनी १८८२ मध्ये घडवला, ग्रीकमधून, 'टेली' म्हणजे दूर आणि 'पॅथॉस' म्हणजे जे सोसलं जातं, जाणवतं ते. म्हणजे मुळात त्यात शक्ती नाहीच, सोसणं आहे. आणि न मागता येणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत 'लागणं' आहेच की. चाहूल लागते, कुणकुण लागते, घोर लागतो, कुणी आठवण काढली की उचकी लागते. यातलं काहीच आपण करत नाही, आपल्याला होतं.

तर ती मुलगी म्हणेल, 'मला तुझी चाहूल लागली, तू काल रडत होतीस ना'. एवढंच. 'मनकवडी' पण ठेवणार आहे, ती फक्त तिच्या आईच्या तोंडी, चहा हातात घेताना, काही माहीत नसताना.

आता दुसऱ्या पोराचं बघायचंय, तो हात न लावता वस्तू हलवतो. 'लागणं' तिथं चालत नाही, कारण तो ते मुद्दाम करतो. कुणाला सुचलं तर सांगा.