जबरी वसुलीऐवजी धान्यकर: १९२१ ला खळ्यावर नक्की काय बदललं?

प्रश्न: लेनिनचं १९२१ चं नवं आर्थिक धोरण (रशियात शेतकऱ्याला बाजाराची मोकळीक देणारं) म्हणजे समाजवादापासून 'माघार', असं म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. वसुलीत प्रत्यक्ष काय बदललं? आणि हा मार्क्सवाद सोडणं होतं की परिस्थितीप्रमाणे त्याची फेरमांडणी?

प्रतिसाद १: आधी वसुलीचं बघा. रशियातल्या गृहयुद्धाच्या काळात वरून आकडा यायचा, तो प्रांत, तालुका, गाव असा वाटला जायचा आणि घरच्यापुरतं सोडून उरलेलं सगळं धान्य पथकं उचलायची. जास्त पिकवलं तर जास्त जाणार, म्हणून शेतकऱ्याने पेराच कमी केला. मार्च १९२१ मध्ये झालेल्या बोल्शेविक पक्षाच्या दहाव्या काँग्रेसनंतर (पक्षाचं अधिवेशन) त्याजागी जिन्नसरूपी कर आला. १९२०-२१ चं लक्ष्य ४२.३ कोटी पूद होतं (एक पूद म्हणजे साधारण १६.४ किलो), नवा कर २४ कोटी ठरला. जमीन, खाणारी तोंडं आणि गुरं पाहून आकारणी. एकाने भरलं नाही तर अख्ख्या गावाला धरायचं, तेही बंद. कर भरून उरलेलं विकायला मोकळीक.

खरी मेख वेळेची आहे. फर्मान २१ मार्चला निघालं, वसंतातल्या पेरणीच्या तोंडावर. सुगीनंतर जाहीर केलं असतं तर पेरा वाढवायला कारणच उरलं नसतं. (त्याच वर्षी व्होल्गाकाठी दुष्काळ पडला, त्यामुळे फळ दिसायला १९२२ ची सुगी उजाडली.)

प्रतिसाद २: वरच्या माहितीत एक भर. सुरुवातीला कल्पना स्थानिक अदलाबदलीची होती: सरकारी कारखान्याचा माल द्या, धान्य घ्या. माल पुरेसा नव्हता, देवघेव सरळ बाजारात गेली. ऑक्टोबर १९२१ मध्ये लेनिनने हे उघड कबूल केलं. माझ्या मते फेरमांडणी ती हीच. मोठे उद्योग, बँका, रेल्वे, परदेशी व्यापार सरकारकडेच राहिले. कामगार-शेतकरी युती हे सूत्रही कायम होतं; ती हुकमाने टिकवायची की व्यापाराने, एवढं बदललं.

प्रश्नकर्ता: मग १९२३ ला हे धोरण का अडलं?

प्रतिसाद १: 'कात्री' म्हणतात ते हेच: कारखानी मालाचे भाव वर आणि धान्याचे खाली, कात्रीच्या पात्यांसारखे फाकलेले. शेती लवकर सावरली, कारखाने नाही. त्यात सरकारी ट्रस्टांना (कारखान्यांचे एकत्र गट) बँकेचं कर्ज सहज मिळे, म्हणून माल दाबून ठेवून भाव चढे ठेवता आले. ऑक्टोबरपर्यंत कारखानी माल धान्याच्या तुलनेत १९१३ पेक्षा सुमारे तिप्पट महागला. शेतकऱ्याने धान्य अडवलं. सरकारने पथकं न पाठवता ट्रस्टांचं कर्ज आवळलं, कारखानी मालाचे भाव उतरवले, आणि दरी कमी झाली. १९२८ च्या जानेवारीत पुन्हा धान्य अडलं, तेव्हा स्टालिन सायबेरियात गेला आणि सट्टेबाजीविरुद्धचं फौजदारी कलम १०७ लावून धान्य जप्त करायला लावलं. शेतकऱ्याचा भरवसा तिथेच तुटला.