पहिलं बाळ येण्याआधी घरात काय काय हललं? (अनुभव धागा)

खिडकीजवळचा :

बायकोला सातवा लागलाय. डोंबिवलीत वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बेडरूममध्ये आजोबांच्या वेळचं लोखंडी कपाट आहे. त्यात दोघांचंही काही नाही. जुन्या पावत्या, बंद पडलेला मिक्सर आणि लग्नात आहेर म्हणून आलेल्या सतरा टोप्या. पाळण्याला जागा हवी म्हणून गेल्या रविवारी मी आणि मेव्हण्याने ते कपाट दीड फूट सरकवलं, तर मागच्या भिंतीला कमरेइतकी ओल. आता पाळणा राहिला बाजूला, प्लंबर शोधतोय.

दुसरा घोळ असा, की तिचं माहेर सांगली आणि डॉक्टर इथल्या. पहिलं बाळंतपण माहेरी असं सासूबाईंचं म्हणणं. तिचं नक्की होत नाहीये. मला कुणी विचारलेलं नाही.

हॉस्पिटलच्या बॅगेत काय भरायचं याच्या याद्या ढिगाने मिळाल्यात, त्या नकोत. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. काय हललं, काय विकलं, कुणाचं कुणाशी वाजलं, कशाची तयारी राहूनच गेली. बाबालोकांनीही लिहा, गप्प बसू नका.

रिकामी_वाटी :

ओल आधी. पाळणा कुठेही टांगता येतो.

चाळकरीण_आजी :

१९८१. गिरगावातली चाळ, दहा बाय बाराची खोली, त्यात सासू-सासरे, दीर आणि आम्ही दोघं. बाळंतपण माहेरी रत्नागिरीला, त्यात चर्चेला जागाच नव्हती. बाळ हातात येईपर्यंत नवं काही आणायचं नाही हा सासूबाईंचा दंडक. पाळणा तर सोडाच, साधं नवं कापडही नाही.

पण जुन्याला बंदी नव्हती! सातव्यानंतर चाळीतून जुनी लुगडी यायला लागली. शेजारच्या काकूंनी धुऊन धुऊन विटलेलं एक नऊवारी दिलं, हाताला असं लागायचं की जणू सायच. काठ आणि पदर आधी कापून टाकायचे, काठ बाळाला टोचतो. उरलेल्या मधल्या भागाची दुपटी आणि एक चौघडी. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे आतून काही रुतत नाही. बटण लावायचं नाही, बंद लावायचे. हे सगळं सासूबाईंनी शिकवलं, दुपारी गॅलरीत बसून, आणि शिकवताना बाळाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. "जुनेर फाडतेय" एवढंच म्हणायच्या.

ह्यांचं काय हललं विचाराल, तर कॅरमबोर्ड. दारामागे असायचा, त्या जागी बाळाच्या कपड्यांची दोरी आली. बोर्ड गॅलरीत गेला, तिथून मजल्यावरच्या पोरांनी पळवला. चाळीस वर्षं झाली, अजून तो विषय काढतात.

टाकीवाला_लातूर :

आमची तयारी म्हणजे पाणी. साल २०१६, तारीख मे महिन्याची. ज्यांना तो उन्हाळा आठवतो त्यांना पुढचं सांगायला नको. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती १२ एप्रिलला, १० वाघिणी, एकेक ५० हजार लिटरची. बायकोला नववा लागला होता. तिचं माहेर उदगीरचं, तिथंही तीच गत, त्यामुळे माहेर की सासर हा प्रश्न आमच्याकडे पाण्यानेच सोडवला. जिथं टाकी मोठी तिथं बाळंतपण.

पाळण्यासाठी धरलेल्या कोपऱ्यात आधी हजार लिटरची टाकी आली. मी वहीत हिशेब मांडला होता. दिवसाला पंधरा लंगोट, दोनदा खळबळायचे, बाळ-बाळंतिणीची आंघोळ, उकळून प्यायचं वेगळं. आई म्हणाली डायपर नको, उन्हाळ्यात पुरळ येतं. मी म्हटलं पुरळाला पावडर आहे, पाण्याला नाही. आमचं यावरून दोन दिवस बोलणं बंद. (पुरळाला पावडर लावू नका हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे मी दोन्हीकडून चुकलो.)

शेवटी दिवसा लंगोट, रात्री डायपर. आंघोळीचं पाणी परातीत साठवून संडासाला. आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी दोन बादल्या मागितल्या. मी एक दिली आणि शेजारी तांब्या मोजत उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "दादा, लेकराचं पाणी मोजत नसतात." मी बाहेर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवसापासून माझी आंघोळ एक दिवसाआड.

पोरगी आता शाळेत जाते. नळ चालू ठेवून दात घासते. काय बोलणार.

नदीपल्याड :

मी आरोग्यसेविका, गडचिरोली जिल्हा. माझा स्वतःचा नाही, कामातला अनुभव लिहिते. चालत असेल तर ठेवा.

आमच्याकडे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाव तुटते. मग १०२ ची गाडी नाल्याच्या अल्याड उभी आणि बाई पल्याड. म्हणून तारखेच्या चार-पाच दिवस आधीच बाईला आरोग्य केंद्राजवळच्या 'माहेरघरात' (बाळंतपणाआधी राहायची सोय) आणून ठेवायचे, सोबत घरचे एक माणूस. आम्हाला वाटायचे बाई भीतीमुळे येत नाही. एकीने सरळ सांगितले, "मी आली तर बकऱ्या कोण पाहील?" नवरा मजुरीला, सासू थकलेली. मग त्या घरची तयारी म्हणजे काय, तर बकऱ्यांसाठी माणूस शोधणे. आशाताईने तिच्या चुलत जावेला तयार केले, बदल्यात जावेच्या वेळी हिने पाहायच्या असे ठरले. तेव्हा बाई आली, पिशवीत दोन लुगडी आणि माता-बाल कार्ड घेऊन. तिसऱ्या दिवशी मुलगा झाला.

तेव्हापासून मी सातव्या महिन्यात घरी गेली की आधी विचारते, तुझ्यामागे घरचे काय काय अडते? रक्तगट, गाडीचा नंबर हे नंतर.

खिडकीजवळचा :

ताई, ठेवायचं काय विचारता! "तुझ्यामागे काय अडतं" हे मी आज बायकोला विचारलं. म्हणाली, "तुझा डबा." लाज वाटली. उद्यापासून कुकर लावायला शिकतोय.

उगाळणारी :

आमच्याकडे वाजलं ते बाळगुटीवरून, तेही बाळ यायच्या दोन महिने आधी. सासूबाई साताऱ्याहून पितळी डबी घेऊन आल्या. आत मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, हिरडा, बेहडा, आणि सोबत त्यांच्या सासूची सहाण, मधे खोलगट झालेली. डॉक्टरांनी सांगितलेलं, सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नाही. मी ते सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या तुझा नवरा यावरच वाढला. नवरा त्याच क्षणी दूध आणायला खाली गेला. घरात दोन पिशव्या होत्या.

मग मी त्यांनाच पुढच्या तपासणीला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी अजिबात हसण्यावारी नेलं नाही, वीस मिनिटं त्यांच्याशी बोलल्या. येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "सहा महिने म्हणजे दसऱ्यानंतर." डबी देवघरात ठेवली. दसऱ्यानंतर कुणालाच आठवली नाही. राईच्या उशीवरून मात्र पुन्हा एक फेरी झाली, ती नंतर कधीतरी.

पॉलिसीवाचक :

एक कोरडी गोष्ट. आरोग्य विम्यात बाळंतपणाच्या खर्चाला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ तो खर्च मिळत नाही. बऱ्याच पॉलिसींत तो काही वर्षांचा. आम्ही चाचणीवर दोन रेघा दिसल्यावर पॉलिसी शोधायला बसलो. एजंट सभ्य होता, हसला नाही. लग्न ठरलेल्यांनी हे वाचून ठेवा.

तारीख_नसलेली :

आमच्या बाळाला ड्यू डेट नव्हती. दत्तकासाठी केंद्राच्या कॅरिंग्ज पोर्टलवर नाव नोंदवलं तेव्हा मी ३६ची. सामाजिक कार्यकर्त्या होम स्टडीला, म्हणजे घर आणि आम्हाला पाहायला, यायच्या म्हणून आम्ही पडदे धुतले, पुस्तकं रचली, नवऱ्याने फ्रीजवरची लोहचुंबकंसुद्धा सरळ लावली. त्यांनी पडद्यांकडे पाहिलंही नाही. विचारलं, "रात्री मूल रडलं तर आधी कोण उठणार?" आम्ही दोघं एकदम "मी" म्हणालो. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल याचा मी पुढे कितीतरी महिने विचार केला.

मग वाट. एक वर्ष, दोन, तिसरंही उलटलं. पाळणा घ्यायचा की छोटा पलंग? मूल तीन महिन्यांचं असेल की दीड वर्षाचं? काहीच घेता येईना. त्या खोलीत हळूहळू इस्त्रीचे कपडे साचले. कुणी विचारलं तर मी "इस्त्रीची खोली" म्हणायला लागले होते. ओटी भरायला कुणी येत नाही, डोहाळे कुणी पुरवत नाही, आणि ऑफिसात सांगावं तर काय सांगायचं? पोट दिसत नसतं.

संदेश आला तो बुधवारी, मीटिंगमध्ये. फोटो, वैद्यकीय अहवाल, आणि हो म्हणायला ४८ तास. आम्ही चाळीस मिनिटांत हो म्हटलं. मुलगी सात महिन्यांची. संस्थेतल्या ताईंना मी फोनवर विचारलं, काय काय आणू? त्या म्हणाल्या, आणू नका, इथून न्या. तिचं रोजचं दुपटं न धुता न्या, त्याचा वास तिला ओळखीचा आहे. आणि रात्री अगदी शांतता करू नका, तिला आजूबाजूला पोरांच्या आवाजात झोपायची सवय आहे.

तर आमची तयारी म्हणजे आठ दिवस रात्री रेडिओ बारीक आवाजात चालू ठेवायचा. आणि रजा: तेव्हाच्या कायद्यात दत्तक आईला १२ आठवडे होते, पण मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आमची सात महिन्यांची, म्हणजे कायद्याने शून्य. बिनपगारी घेतली. इस्त्रीचे कपडे अजून तिच्याच खोलीत असतात, ती त्यावर झोपते.

सायकलवाली_आइंडहोवन :

वाचून डोळे भरले, आता जरा हलकं लिहिते.

नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर घरी क्राम्झोर्गची ताई येते. बाळ-बाळंतीण तपासते, दूध पाजायला शिकवते, वर थोडं घरही आवरते. तिच्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि तिची एक अट असते. पलंग उंच हवा, साधारण ८० सेंटीमीटर, म्हणजे वाकून वाकून तिची पाठ जात नाही. त्यासाठी पलंगाच्या पायांखाली घालायचे ठोकळे भाड्याने मिळतात. नवऱ्याने ठोकळे लावले, आमचा पलंग एकदम स्टेजसारखा दिसायला लागला.

यादीत पुढे पत्र्याच्या, गरम पाण्याच्या बाटल्या, बाळाचं अंथरूण उबवायला. फोनवर आईला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे शेगडीच की!" तिचं बाकी सगळ्या डच गोष्टींवरचं मत त्या दिवसापासून सुधारलं.

आई आली ती नवव्या दिवशी, व्हिसा लांबला. बॅगेत डिंक, खारीक, गोडंबी, अळीव. अळीव इथे बागेच्या दुकानात मिळतात, पेरायला! ती ताई गेलेली, ठोकळे तसेच. आई चार फूट दहा इंच. पलंगावर बसायला तिला स्टूल लागायचं. एका हातात अळिवाची खीर घेऊन स्टुलावर चढणारी आई हा माझा बाळंतपणाचा फोटो आहे.

डोहाळजेवण व्हिडिओ कॉलवर झालं. वाटी मी उघडली, बर्फी निघाली. इथे विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी सांगतात, आम्हीच नको म्हटलं होतं. ज्या देशात १९९४ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे तिथे वाढले, विचारायला जीभच रेटेना. पेढा-बर्फी चालते. बर्फी खोटी ठरली, मुलगा झाला.

पाच_आठवडे_आधी :

बाबालोकांपैकी मी. माझ्याकडे एक्सेल शीट होती. खासगी नोकरीत बाबाच्या रजेला कायदा नाही (केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस असतात), म्हणून वर्षभर एकही सुट्टी न घेता सोळा दिवस साठवले होते. खोलीला रंग, मग पाळणा, मग बॅग, मग रजा असा क्रम. रंग देऊन झाला त्या रात्री पाणमोट फुटली. पस्तिसावा आठवडा. बॅग नव्हतीच. मी घाईत एका पिशवीत जे कोंबलं त्यात तिचे तीन दुपट्टे आणि माझा चार्जर निघाला.

वजन १ किलो ९०० ग्रॅम. अतिदक्षता विभागात सोळा दिवस. चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, बाबा, शर्ट काढा. मला वाटलं निर्जंतुक गाऊन देणार. त्यांनी बाळ उघड्या छातीवर ठेवलं, वरून कापड गुंडाळलं. कांगारू केअर म्हणतात त्याला. डोक्यावर टोपरं, अंगावर फक्त लंगोट. मी दीड तास हललो नाही, नाकाला खाज आली तरी. बायको टाक्यांमुळे दुसऱ्या मजल्यावर, तिला बाळ दिवसातून दोनदा भेटायचं, मला चारदा. तिला याचा राग यायचा आणि तो बरोबर होता.

रजा तिथेच संपली. घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात. एक मात्र झालं, खिडक्या सोळा दिवस उघड्या राहिल्याने रंगाचा वास गेला होता. खिडकीजवळचे, ओल काढून रंग देणार असाल तर आत्ताच द्या. आणि बॅग आज रात्री भरा, यादी कुठलीही चालेल.

खिडकीजवळचा :

बॅग भरली. ओल वरच्या मजल्यावरच्या मोरीतून येतेय. ते काका चांगले आहेत, फरशी उखडायला तयार झाले, पण पाव्हणे गेल्यावर.

सांगली रद्द. बायकोने स्वतः आईला फोन करून सांगितलं, "तूच ये." सासूबाई दोन मिनिटं गप्प, मग म्हणाल्या, "मग त्या सतरा टोप्या फेकू नका, बाळंतविड्यात अस्तराला होतील." टोप्यांचं त्यांना कुणी सांगितलं माहीत नाही.

भंगारवाला कपाट बघून गेला. एकट्याने उतरणार नाही म्हणाला, शनिवारी दोन माणसं आणतो. तोवर ते हॉलच्या मधोमध उभं आहे. टीव्ही बघायचा तर एकाला डावीकडे बसावं लागतं, एकाला उजवीकडे. आज कुकरच्या तीन शिट्ट्या मी केल्या, भात खाली लागला.

रिकामी_वाटी :

पाणी दुप्पट घाला.