नॉर्वेत गोड्या पाण्यातले मासे १५ लाख टन? देशवार तक्ता जुळत नाही

तळेमोजणी:
एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना) अन्न ताळेबंदातली ‘फ्रेशवॉटर फिश’ ही ओळ (कोड २७६१) घेऊन भारत, व्हिएतनाम आणि नॉर्वेचा तक्ता करतोय. उत्पादन, आयात, निर्यात, खाण्यासाठी वापर आणि दरडोई पुरवठा असे रकाने आहेत. नॉर्वेचं उत्पादन १५ लाख टनांच्या आसपास दिसतंय, तिथे एवढी तळी आहेत कुठे? भारताचा आकडा केंद्र सरकारच्या भूजलाशयीन (समुद्र सोडून तळी, नद्या, धरणं यांतल्या) आकड्याशी जुळत नाही. व्हिएतनामची निर्यात तर सीमाशुल्काच्या नोंदींच्या दुपटीहून जास्त भरते. चुकतंय कुठे?

रोहूकटला:
ही ओळ पाण्यावरून नाही, माशाच्या जातीवरून ठरते. एफएओच्या जातवार वर्गीकरणात गट ११ ते १३ म्हणजे कार्प, चिलापी आणि पंगाससह इतर गोड्या पाण्यातले मासे. गट २१ ते २५ म्हणजे समुद्र आणि नदी अशी ये-जा करणारे: सामन, ट्राउट, हिलसा, आपल्याकडचा जिताडा. ताळेबंदात हे दोन्ही विभाग एकाच ओळीत येतात. नॉर्वेचे ते १५ लाख टन म्हणजे जवळजवळ सगळा फियॉर्डमधल्या (समुद्राच्या अरुंद, खोल खाड्या) पिंजऱ्यांत वाढवलेला सामन.

भारतात उलट गंमत आहे. २०२२-२३ च्या सुमारे १७५ लाख टन एकूण मत्स्योत्पादनापैकी १३१ लाख टन भूजलाशयीन, पण त्यात आंध्रच्या तलावांतली व्हेनामी कोळंबीही धरलेली असते. एफएओ ती कवचधारींच्या ओळीत टाकतं. शिवाय आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, एफएओच्या तक्त्यात मात्र एकच सन छापलेलं असतं. एकेका वर्षाची तुलना करण्यापेक्षा तीन वर्षांची सरासरी घ्या.

निव्वळ गोड्या पाण्यातले हवे असतील तर फिशस्टॅटजेमधून (एफएओची मत्स्य आकडेवारीची संगणक प्रणाली) गट ११, १२, १३ निवडून उत्पादन काढा. वापराचे रकाने मात्र असे सुटे करता येत नाहीत, ते या अख्ख्या ओळीसाठीच बनतात.

वजनकाटा:
व्हिएतनामचं उत्तर वजनात आहे. ताळेबंदात सगळं जिवंत माशाच्या वजनात मांडतात, सीमाशुल्क मालाचं वजन लिहितं. पंगासच्या फिलेचा (काटे काढलेलं मांस) उतारा ३५ टक्के धरला तर १,००० टन गोठवलेले फिले म्हणजे जवळपास २,८५० टन मासा. सीमाशुल्काच्या एचएस ०३०४६२ या मालसंकेतातून (पंगाससारख्या माशांचे गोठवलेले फिले) आकडे घेत असाल तर आधी हे रूपांतर करा. ०३०३ मधल्या अख्ख्या गोठवलेल्या माशाला गुणक बराच कमी लागतो, सुकवलेल्याला बराच जास्त. सगळ्याला सरसकट एकच गुणक लावला की तक्ता तिथेच गेला.

ताळेबंद:
‘खाण्यासाठी वापर’ कुणी मोजलेला नसतो, हे मुळात लक्षात घ्या. उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, वजा बाकीचे वापर, आणि जे उरलं ते खाल्लं असं धरतात. वरच्या सगळ्या चुका त्या उरलेल्या आकड्यात साचतात. नॉर्वेचा बहुतेक सामन बाहेर जातो. निर्यातीच्या गुणकात नुसती २ टक्के चूक झाली तरी १५ लाखांवर ३०,००० टन इकडचे तिकडे होतात, आणि ५४ लाख लोकसंख्येला भागलं की माणशी साडेपाच किलो! तेवढेच ३०,००० टन भारताच्या १४० कोटींत वाटले तर माणशी २१ ग्रॅम. निर्यातप्रधान छोट्या देशाच्या दरडोई आकड्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका. नमुना पाहणीतल्या घरगुती खपाशीही तो थेट जुळवू नका, तिथे बाजारातून घेतलेलं वजन असतं.

तळेमोजणी:
मग नॉर्वे काढून युगांडा घेऊ का? समुद्रच नाही, म्हणजे सामनचा घोळ नाही.

वजनकाटा:
तो घोळ नाही, दुसरा आहे. व्हिक्टोरिया सरोवरातला नाईल पर्च फिले होऊन युरोपला जातो, त्याची नोंद बरी असते. पण मुकेने हा बारीक मासा सुकवून सीमेपार काँगोकडे जातो, त्यातला बराचसा कागदावर येत नाही. न नोंदलेली निर्यात ताळेबंदात घरीच खाल्लेली दिसते. वर मुकेनेचा काही भाग कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात जातो, म्हणून ‘खाद्य’ रकाना रिकामा दिसला तर तो शून्य समजू नका. आकड्याशेजारचं अक्षर वाचा: ‘ए’ म्हणजे अधिकृत, ‘ई’ म्हणजे अंदाज, ‘आय’ म्हणजे गणिताने भरलेला.

ताळेबंद:
अजून दोन गोष्टी. जुनी मालिका २०१३ ला संपते, नवी २०१० पासून आहे आणि पद्धत वेगळी. २०१०–१३ ही सामाईक वर्षं दोन्हीकडून काढून फरक बघा, मगच जोडा. चीन नंतर कधी तक्त्यात घेतलात तर २००६ च्या कृषी गणनेनंतर त्यांनी त्या वर्षाचं मत्स्योत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी खाली आणलं होतं, तेवढी पायरी मालिकेत शोधा. आणि साठ्यातल्या फरकाचं चिन्ह गृहीत धरू नका. एक ओळ घ्या, तो आकडा एकदा मिळवून, एकदा वजा करून बघा. देशांतर्गत पुरवठा ज्याने जुळेल ते चिन्ह त्या मालिकेचं.