अमेरिकेतल्या शाळेत पोहणाऱ्या पोट्ट्याले भाव असते का?

दर्यापूरवाला काका: पुतण्या टेक्सासात नववीत आहे, शाळेच्या पोहण्याच्या टीमात लागला. पहाटीच पाण्यात! आमच्या इकडे विहिरीत वरून मुटका मारणारा पोट्टा म्हणजे गावचा हिरो. तो म्हणते, "काका, आम्हाले शाळेत कोणी विचारत नाही." काहून बा?

वणीची मावशी: भाऊ, टेक्सासात अमेरिकन फुटबॉलच राजा, तो बॉल हातात घेऊन पळायचा. शुक्रवारी रात्री गाव मैदानावर लोटते, बँड वाजते. पोहण्याले बाकावर बहुतेक मायबापच. आपल्याकडं शंकरपटाले गर्दी अन् बुद्धिबळाले कोणी नाही, तसंच.

आर्वीकर: पण शाळेच्या नावाचं अक्षर लावलेलं मानाचं जॅकेट खेळाडूले देतात, ते पोहणाऱ्यालेही भेटते. शाळेची अट पुरी करा लागते, बस. अन् अमेरिकेची पोहणारी मिसी फ्रँकलिन पाहा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकात ४ सुवर्णपदकं, तरी मंग कोलोरॅडोतल्या आपल्या शाळेकडूनच पोहली.

दर्यापूरवाला काका: असं हाय का! जॅकेटचं विचारतो त्याले. वहिनीचं दुखणं येगळंच आहे, क्लोरीननं पोराचे केस झाडूसारखे झाले म्हणते.

वणीची मावशी: उतरायच्या आधी डोकं साध्या पाण्यानं ओलं करून टोपी घालाले सांगा. क्लोरीन कमी मुरते.