वडिलांच्या फुप्फुसांचा फायब्रोसिस: औषध चालू ठेवण्याचा आग्रह धरावा का?

प्रश्न:
माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांना इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस झाल्याचे निदान झाले आहे. या आजारात फुप्फुसांत व्रण पडून ती ताठर होत जातात आणि एकदा पडलेला व्रण भरून येत नाही. वय आणि हृदयविकार यांमुळे प्रत्यारोपण शक्य नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. उरली ती आजाराचा वेग कमी करणारी औषधे, ज्यांनी गेलेली क्षमता परत येत नाही. पिरफेनिडोन सुरू झाल्यापासून बाबांची अन्नावरची वासनाच उडाली आहे. कधी कोणाकडे काही न मागणारा हा माणूस आता "हे बंद करू या का?" असे विचारतो. थोरल्या भावाच्या मते औषध बंद करणे म्हणजे हार मानणे. तो रात्र रात्र जागून नवे उपचार शोधत असतो. आम्ही आग्रह धरावा की बाबांचे ऐकावे?

प्रतिसाद:
माझी आई याच आजाराने गेली. औषध बंद करण्याआधी मात्रेबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. पिरफेनिडोन जेवताना घेतल्यास मळमळ कमी होते, आणि मात्रा उतरवून पुन्हा हळूहळू वाढवताही येते. निन्टेडॅनिब हा दुसरा पर्याय आहे, पण त्याने जुलाब होऊ शकतात. शिवाय रक्तस्रावाची शक्यता वाढते, त्यामुळे हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा. एवढे करूनही बाबांना नको वाटले, तर मात्र त्यांचा शब्द अखेरचा मानावा, असे माझे ठाम मत आहे.

एक सुचवतो. आईला सर्वांत जास्त धाप आंघोळीनंतर लागे, कारण अंग पुसताना हात सारखे वर न्यावे लागत. मग आम्ही तिला स्टुलावर बसवून मोठा टॉवेल नुसता अंगाभोवती गुंडाळून ठेवू लागलो. हातात धरायच्या छोट्या पंख्याचा वारा नाकावर आणि गालांवर घेतला की तिला बरे वाटे.

प्रतिसाद:
मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेत, काम करणारी डॉक्टर आहे. पंख्याचा उपाय खरोखर उपयोगी आहे आणि आम्हीही तो सुचवतो. ही सेवा शेवटच्या दिवसांसाठीच असते, हा समज मात्र काढून टाका. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, निदानानंतर लगेच ही सेवा मिळालेल्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले आणि ते सरासरीने अधिक काळ जगलेही. आजार वेगळा असल्यामुळे आयुर्मानाचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, परंतु त्रास कमी करणे म्हणजे हार मानणे नव्हे, हे आपल्या भावाला जरूर सांगा. त्यांना काही शोधायचेच असेल, तर चालू असलेल्या औषध-चाचण्यांविषयी फुप्फुसतज्ज्ञांना विचारावे. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या स्टेम सेल उपचारांचा या आजारावर उपयोग सिद्ध झालेला नाही.

आणि बाबांना नेमकी कशाची भीती वाटते, ते विचारा. "मी गुदमरून जाईन का?" हा प्रश्न अनेक रुग्णांच्या मनात असतो, पण घरचे विषय बदलतात म्हणून तो मनातच राहतो. धाप असह्य झाली तर अल्प मात्रेतील मॉर्फिनसारखे उपाय असतात, हे त्यांना आत्ताच कळले पाहिजे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मात्रेबद्दल या आठवड्यात डॉक्टरांशी बोलतो. मॉर्फिनचे नाव काढताच भाऊ घाबरला. त्याची सवय लागेल का, आणि श्वास आणखी मंदावेल का?

प्रतिसाद:
धापेसाठी मात्रा फार कमी ठेवतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सावकाश ठरवतात, त्यामुळे या दोन्हींचा धोका कमी राहतो. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. भावालाही त्या भेटीला सोबत न्या.