मध्ययुगीन वैद्यक आणि आजचं वैद्यक: खरा फरक कशात?

घाटवाट:
मध्ययुगीन युरोपातल्या वैद्यांना मूर्खात काढायची फॅशन आहे, मला ती अजिबात पटत नाही. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त या चार रसांचा तोल गेला की आजार, मग रक्त काढा, जुलाब द्या, त्यांच्या हिशोबानं हे सगळं तर्काला धरूनच होतं. कमी पडली ती मोजदाद. १८३५ साली पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरनं न्यूमोनियाच्या ७७ पेशंटचा हिशोब छापला: पहिल्या चार दिवसांत रक्त काढलं त्या ४१ पैकी १८ दगावले, उशिरा काढलं त्या ३६ पैकी ९. दोन हजार वर्षं चाललेल्या उपचाराला साध्या बेरजेनं हादरा दिला!

निवडुंग:
साफ असहमत. १३४८ ला प्लेग आला तेव्हा फ्रान्सच्या राजानं पॅरिसच्या वैद्यक पंडितांना कारण विचारलं, त्यांनी लेखी उत्तर दिलं की १३४५ मध्ये शनी, गुरू, मंगळ कुंभेत एकत्र आले म्हणून हवा बिघडली. बघायची जागाच चुकली तर मोजून काय उपयोग? प्लेगचा जंतू सापडला १८९४ ला, हाँगकाँगमध्ये. तोवर त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

कोरांटी:
'काहीच नव्हतं' हे अति होतंय हां. रागुसा म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, तिथे १३७७ ला प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना महिनाभर शहराबाहेर ठेवायचा कायदा झाला, जंतूचा पत्ता नसताना. आणि दहाव्या शतकातल्या इंग्लंडच्या एका हस्तलिखितात डोळ्यांचा लेप आहे, लसूण, वाइन, गाईचं पित्त वगैरे पितळी भांड्यात नऊ रात्री मुरवायचं. २०१५ ला नॉटिंगहॅममध्ये तो बनवून पाहिला तर औषधांना दाद न देणारे एमआरएसए जंतू त्यानं मेले.

निवडुंग:
लॅबमध्ये मेले, पेशंट बरे झाले असं नाही ना. त्याच हस्तलिखितात एल्फ नावाच्या अदृश्य जीवांमुळे होणाऱ्या आजारावरही उपाय दिलेत. लेप खरा आणि हा खोटा, हे त्या काळच्या वैद्यानं कसं ओळखायचं?

दुपारझड:
घाटवाट, मोजदाद सोडा, तुलना तरी तेव्हा होतीच की. साधारण इ.स. ९०० च्या सुमाराला अल राझी या इराणी वैद्यानं मेंदूज्वराची लक्षणं असलेल्या काहींचं रक्त काढलं, काहींचं मुद्दाम काढलं नाही, असं स्वतः लिहून ठेवलंय. निष्कर्ष काय, तर रक्त काढलेले वाचले!

घाटवाट:
मग माझाच मुद्दा पक्का झाला की. कोणाचं काढायचं ते त्यानंच ठरवलेलं, किती जण होते तेही लिहिलं नाही. १९४८ ला ब्रिटनमध्ये टीबीवर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी छापून आली, त्यात कोणाला औषध द्यायचं हे डॉक्टरांनी निवडलंच नाही, ते आधीच यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरवून बंद पाकिटात ठेवलेलं. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ गेले, नुसत्या बेडरेस्टवाल्या ५२ पैकी १४. असं मोजायला लागतं.

निवडुंग:
आणि ते औषध आलं कुठून? १८८२ ला कॉख या जर्मन डॉक्टरनं टीबीचा जंतू दाखवला, म्हणून त्याला मारणारं काहीतरी शोधायचं हे तरी कळलं. चार रसांवर विश्वास ठेवून कितीही नीट मोजलं असतं तरी त्या पाकिटांत स्ट्रेप्टोमायसिन आलं नसतं.