योशिदा, इचो की विनेश: मुलींना कोणाच्या लढती दाखवाव्यात?

लालमाती_कात्रज
मंडळी, आमच्याकडे 50 आणि 53 किलो वजनगटातल्या कुस्तीगीर मुली मातीवरून मॅटवर आल्यात. ताकद आहे, पट (समोरचीचे पाय धरून पाडायचा डाव) बिनधास्त मारतात. पण पट अडला की डोकं खाली घालून तिथंच बसतात, समोरची मागे जाऊन 2 गुण घेते. जपानच्या साओरी योशिदा आणि काओरी इचो, आपली विनेश फोगाट यांच्यात शिकण्यासारखं नेमकं काय? पदकांची यादी नको, ती पाठ आहे.

दुहेरीपट
पट शिकवायचाय तर योशिदाच. 13 जागतिक विजेतेपदं उगाच नाही मिळत. तिचे हात बघू नका, पाय बघा. आपल्या मुली लांबून झेपावतात. गुडघा समोरचीच्या अलीकडेच टेकतो, मग नुसते हात ताणले जातात. पुढचं पाऊल तिच्या दोन्ही पायांच्या मध्ये पडलं पाहिजे, डोकं वर, कान बरगडीला चिकटलेला. आणि गुडघा टेकला तरी मागचा पाय रेटत राहिला पाहिजे. तो थांबला की पट मेला.

वस्तादांचाचेला
दुहेरीपट, पायांचं बरोबर, पण योशिदाचा वेग कुठून आणणार? शिवाय 2008 मध्ये तिची सलग 119 विजयांची मालिका अमेरिकेच्या मार्सी व्हॅन ड्युसेननं तोडली, तीही तिचाच पट उलटवून. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्याच हेलन मारुलिसनं 4-1 नं हरवलं.

दादा, तुमचा प्रश्न पट अडल्यानंतरचा आहे, म्हणून इचो बघा. 2004 ते 2016 सलग चार ऑलिंपिक सुवर्णं. रिओत रशियाच्या कोब्लोवाविरुद्ध 1-2 नं मागे होती, शेवटच्या काही सेकंदांत ताबा (समोरचीला मॅटवर पाडून काबूत घेणं, 2 गुण) घेऊन 3-2. घाई नाही, आदळआपट नाही.

सराव असा घ्या: जोडीदारणीला एक पाय आधीच पकडू द्या आणि तिथूनच कुस्ती सुरू करा. पाय अडकलेल्या मुलीनं कंबर मागे टाकायची, छातीचं वजन समोरचीच्या मानेवर द्यायचं, मग तिची कोपर उचलून मागे जायचं. पट मारणारीनं मान वर ठेवायची, दुहेरी (दोन्ही पायांचा) पट अडला तर लगेच एकेरीवर (एका पायावर) यायचं आणि पकडलेल्या पायाच्या बाहेरच्या बाजूला फिरायचं. सरळ रेटत राहिली की मान सापडलीच म्हणून समजा.

गुणफलक
विनेश विरुद्ध जपानची सुसाकी, पॅरिस ऑलिंपिक 2024. सगळे शेवटचा ताबाच दाखवतात, मला आधीची साडेपाच मिनिटं जास्त मोलाची वाटतात. निष्क्रियतेची ताकीद मिळाल्यावर 30 सेकंदांत कुणालाच गुण मिळाला नाही, तर समोरचीला 1 गुण. विनेशनं असे दोन दिले, पण सुसाकीला पायापर्यंत पोचू दिलं नाही. तोवर आंतरराष्ट्रीय मॅटवर एकदाही न हरलेली सुसाकी, हे लक्षात घ्या. 0-2 वर एक ताबा म्हणजे 2-2, आणि बरोबरीत मोठ्या गुणाचा डाव असणारी जिंकते. त्या ताब्याला जपाननं दिलेलं आव्हान पंचांनी फेटाळल्याचा तिसरा गुण नसता तरी कुस्ती विनेशचीच होती.

पण ही चाल नवख्या मुलींना शिकवू नका. मनगट आणि कोपर ताब्यात ठेवण्याइतके हात चालत नसतील, तर दुसऱ्याच मिनिटाला पट खाऊन बसतील.

लालमाती_कात्रज
अडलेल्या पटाचा सराव उद्यापासूनच. ताबा मिळाल्यावरही आमच्या मुली 2 वरच थांबतात, त्याचं काय?

दुहेरीपट
चीत करायच्या नादात मान ओढत बसत असतील, मातीची सवय. मॅटवर पाठ क्षणभर जरी मॅटकडे वळली तरी 2 गुण मिळतात, आणि 10 ची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. ताबा घेताच भारंदाजसाठी (समोरचीला मागून आवळून फिरवायचा डाव) हात बांधायचे, छातीवर नाही, बरगड्यांच्या खाली. वर बांधले तर समोरची कोपर आत घालून पकड फोडते. मग आपली कंबर तिच्याखाली सरकवायची, पूल करायचा (अंग कमानीसारखं उचलायचं) आणि फिरवायचं. नुसत्या हातांनी ओढलं तर फिरत नाही, आणि पंच लगेच उभं करतात.